वेरा भरला की घर आपलं

बागुल बाईंशी गप्पा मारणं अशक्य होतं. आपण काहीतरी हवेत सोडून द्यावं, समोरच्यानं "काय जमाना आलाय" म्हणावं आणि दोघांनी चहा प्यावा, एवढीच माणसाची अपेक्षा असते. बाई कप खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "असं कोण म्हणालं?" आपण नाव सांगितलं की पुढचा प्रश्न यायचा, "आणि त्यांना कोणी सांगितलं?" तोवर चहा निवलेला असायचा आणि बोलणारा काहीतरी काम आठवून उठायचा. आमच्या शाळेतल्या निम्म्या शिक्षकांनी मधल्या सुट्टीत त्यांच्या शेजारी बसणं सोडून दिलं होतं. मी बसायचो. मला स्वतःला कुठलीच गोष्ट तपासायचा उत्साह नव्हता, पण दुसरं कोणी तपासत असेल तर बघायला आवडायचं.

आमची शाळा सुरतेत, पांडेसऱ्याकडच्या अंगाला. मराठी शाळा म्हणायची, पण पोरं घरी अहिराणी बोलायची, मैदानावर हिंदी, आणि भांडण पेटलं की थेट गुजरातीत उतरायची. आईबाप साक्री, शिरपूर, नंदुरबारकडून आलेले. बाप बमरोलीला लूमवर नाहीतर डाइंगमध्ये, आई घरी साड्यांना टिकल्या लावणारी. बाई या पोरांना गणित शिकवायच्या. बुटक्या, काळ्या फ्रेमचा चष्मा, चालताना पुढे वाकलेल्या, खांद्याला कापडी पिशवी. त्या मूळच्या सटाण्याच्या. नवरा रेल्वेत होता, तो लवकर वारला. मूलबाळ नव्हतं. शाळेपासून जवळच एका सोसायटीत त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या, मोठ्या रस्त्याकडच्या ओळीत. त्याच सोसायटीत मागच्या गल्लीत मी भाड्यानं राहायचो.

त्यांचा जीव अडकलेला होता तो वेऱ्यात. वेरा म्हणजे कर. सुरतेत आलेला मराठी माणूस कर हा शब्द गावी ठेवून येतो. कोणता वेरा खरा, कोणता खोटा, कोणी कोणाच्या नावावर काय उकळलं, हे कळल्याशिवाय बाईंना घास उतरत नसे. एकदा मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्या गावात एक माणूस होता, सर. माझ्या वडलांकडून दरवर्षी सरकारी पट्टी घ्यायचा. फक्त आमच्याच वस्तीतून घ्यायचा. वडील मरेपर्यंत भरत राहिले. मी शिकले, नोकरीला लागले, तेव्हा तहसिलीत जाऊन विचारलं. अशी पट्टी कधी नव्हतीच." एवढं बोलून त्यांनी डबा उघडला आणि मला शेंगदाण्याची चटणी वाढली. 

सुरुवातीला या तपासण्यांची गंमतच वाटायची. एकदा बातमी उठली की टीव्हीच्या अँटेनावर वेरा लागणार, माणसं येऊन गच्च्यांवरच्या अँटेना मोजणार. रविवारच्या आत सगळ्या सोसायटीनं अँटेना उतरवून पलंगाखाली सरकवल्या. टीव्हीवर नुसत्या मुंग्या आणि लोक त्याकडे बघत बसलेले. बाई पिशवी घेऊन निघाल्या. दूधवाल्याला कोणी सांगितलं तर न्हाव्यानं. न्हाव्याला कोणी सांगितलं तर पानवाल्यानं. पानवाल्यानं कान खाजवला, डोकं खाजवलं, आणि शेवटी ज्याचं नाव घेतलं तो त्याच महिन्यात आमच्याकडे केबलच्या तारा टाकायला आलेला गडी होता. बाईंनी घरोघर जाऊन सांगितलं, असा वेरा नाही, अँटेना चढवा. लोक पोट धरून हसले. मग सगळ्यांनी केबल घेतली, आणि सण आला तेव्हा त्या केबलवाल्यालाच बोलावून टॉवेल-टोपी दिली. बाईंना त्या कार्यक्रमाचं कोणी सांगितलंसुद्धा नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आपले लोक कोणत्या मातीचे आहेत.

एक मात्र होतं. बाई फक्त खोटं पकडायला जात नसत. खरं निघालं तर तेही तेवढ्याच ठसक्यात येऊन सांगत. शाळेत कोणीतरी पसरवलं की बायकांना व्यवसाय वेरा माफ असतो, आमच्या शिक्षिकांच्या पगारातून फुकट कापला जातोय. सगळ्याजणी हिशेब करू लागल्या, मागचे पैसे परत आले तर काय घ्यायचं. बाई शनिवारी कचेरीत जाऊन आल्या आणि सोमवारी प्रार्थनेनंतर म्हणाल्या, "माफ नाही. आपल्याला लागू आहे. बरोबर कापतात." त्यांच्या स्वतःच्याही पगारातून जात होताच. पण जणू पेपरात पहिला नंबर आलाय, असा त्यांचा चेहरा होता. बाकीच्या बायका आठवडाभर त्यांच्याशी नीट बोलल्या नाहीत.

भागामाय ही बाईंची भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण. साक्रीकडची म्हातारी, नाकात मोठी नथ, तोंडात तंबाखू, आवाज असा की गल्लीच्या टोकाला शिंकलेला माणूसही तिला ओ देईल. तिचा एकुलता एक मुलगा दिलीप बमरोलीला लूम चालवायचा. मुकादम दर पगाराला त्याच्याकडून आणि इतरांकडून टॅक्सचे म्हणून पैसे कापून घ्यायचा. सरकार घेतं, शेठ काय करणार, असं तो सांगायचा. दिलीपनं सहज गप्पांत हे सांगितलं आणि बाईंनी कप खाली ठेवला. कचेरीत त्यांना कळलं की एवढ्या कमी पगाराला हा वेरा लागतच नाही. मग त्या सरळ शेठकडे गेल्या आणि भरल्याची पावती मागितली. शेठनं खुर्ची दिली, चहा पाजला, "बेन, तमे तो शिक्षक छो" म्हणून हात जोडले. पुढच्या पगाराला टॅक्स कापला गेला नाही. लायटीचे म्हणून तेवढेच पैसे कापले गेले, आणि दिलीपला दुसरीकडे काम बघायला सांगितलं. त्याला पलसाण्याला एका डाइंगमध्ये काम मिळालं. रोजचं जाणंयेणं, अंगाला रंगाचा वास, हात कोपरापर्यंत निळे.

"मन्हा पोऱ्यानं काम गयं," भागामाय भिंतीपलीकडून ओरडली. "तुले कोनी सांगं व्हतं इचाराले?"

 दुसऱ्या दिवशी बाई भागामायकडे ज्वारीचं पीठ घेऊन गेल्या. ते तिनं ठेवून घेतलं, पण बोलली नाही. बरेच महिने तो अबोला चालला. मग प्लेगाचं साल आलं. अर्धी सुरत बोचकी बांधून गावी पळाली. दिलीपही गेला. भागामायला ताप होता, तिला गाडीत कोणी चढू देईना. बाई गेल्या नाहीत. तोंडाला फडकं बांधून त्यांनी भागामायला पेज पाजली. ताप साधाच निघाला. अबोला तेव्हा सुटला.

प्लेगानंतर शहर खडबडून जागं झालं. झाडलोट सुरू झाली, गटारं उघडली गेली, रस्ते मोठे करायची मोजमापं निघाली. आणि आमच्या सोसायटीला प्रथमच घरवेरा लागला. दुसरीकडे कर लागला तर लोक कपाळाला हात लावतात. आमच्याकडे पेढे वाटले गेले. कारण आमची सगळी घरं उसाच्या वावरावर प्लॉट पाडून विकलेली, सरकारदरबारी जमीन अजून शेतीचीच, आमच्या हातात कागद म्हणजे एक स्टॅम्पपेपर आणि त्यावर आप्पांची सही. आप्पा हे प्लॉट विकणारे. आमच्याच खान्देशातले, पांढरा सफारी, गळ्यात चेन, श्रावणात कानबाईच्या सणाला सढळ हातानं वर्गणी देणारे. कोणाच्या घरी मयत झाली की सगळ्यांच्या आधी तिथे हजर. आप्पा म्हणाले, वेरा भरला की घर आपलं. सरकार ज्याच्याकडून पैसे घेतं त्याचं घर पाडू शकत नाही. लोकांना हे इतकं पटलं की पहिल्या वेऱ्याच्या पावतीला लोकांनी काचेची फ्रेम केली आणि ती देव्हाऱ्याशेजारी टांगली. त्यात पहिली भागामाय. त्या श्रावणात तिच्या घरी कानबाई बसली तेव्हा नारळाच्या देवीला हळदकुंकू लावून झाल्यावर तिनं बोटाला उरलेलं कुंकू त्या फ्रेमच्या काचेवर टेकवलं. मी समोर बसलो होतो. मग एकेक बाई उठली आणि प्रत्येकीनं पावतीला कुंकू लावलं. पुढच्या वर्षी तो रिवाजच होऊन गेला.

बागुल बाईंनी वेरा भरला होता, पण फ्रेम केली नव्हती. भागामायनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी विचारून येते."

त्या विचारून आल्या. महापालिकेतल्या वेऱ्याच्या खिडकीवरचा माणूस भला होता. त्यानं त्यांना आत बोलावून खुर्ची दिली आणि स्वच्छ सांगितलं, "बेन, वेरो तो वपराशनो छे, मालिकीनो नथी." वापरता त्याचा कर. मालकीचा त्याच्याशी काही संबंध नाही. बाईंनी आणखी विचारलं तेव्हा आणखी कळलं. रस्ता रुंद होणार तो आमच्याच बाजूनं, आणि पुढची ओळ त्यात जाणार. नोटीस निघेल. नोटिशीच्या मुदतीत घरवाल्यांनी हरकतीचा अर्ज दिला, राहत असल्याचे पुरावे जोडले, तर दुसरीकडे जागा मागता येईल. मुदत गेली की काही नाही.

मी बाईंना इतकं घाईनं चालताना कधी पाहिलं नव्हतं. अर्जाचा मजकूर त्यांनी स्वतः गुजरातीत लिहिला, सगळ्या ओळीचा मिळून एक, आणि सह्यांसाठी दारोदार फिरल्या. लोक ऐकून घेत, फ्रेमकडे बघत आणि म्हणत, आप्पांना विचारून सांगतो.

नोटीस लागली त्या रविवारी आप्पांनी सोसायटीच्या ओट्यावर सगळ्यांना बोलावलं. ते रागावले नाहीत. हसत होते. "आते मास्तरीण बाई हुशार शेतस," ते म्हणाले, "पन मी तुमले एक इचारस. ज्यानं घर खरं शे तो अर्ज कसाले करी? अर्ज करशात तं तुम्हीज कबूल करशात, आमनं घर खोटं शे म्हनीसन. वेरा भरेल शे ना? मंग नोटीस आपलासाठे नही. ज्यास्नी भरा नही त्यासनासाठे शे."

बाई उभ्या राहिल्या. "असं कोण म्हणालं, आप्पा?"

"मी सांगी ऱ्हायनू ना."

"आणि तुम्हाला कोणी सांगितलं?"

सगळे हसले. आप्पाही हसले. कोणीतरी मागून म्हणालं, "बसा ना बाई, वर्ग शे का हाऊ?" पुन्हा हशा.  मागून एक कुजबूजही ऐकू आली, त्या कोणत्या वस्तीतल्या आहेत याबद्दलची. बाईंनीही ती ऐकली असणार, कारण त्यांनी क्षणभर मान त्या दिशेला वळवली. मग पुन्हा आप्पांकडे पाहून शांतपणे सांगितलं की मुदत संपायच्या आत ज्याला सही करायची असेल त्यानं घरी यावं, रोज संध्याकाळी मी घरीच आहे. त्या दार उघडं ठेवून बसत. दोन घरांनी सह्या केल्या, तिसरं त्यांचं स्वतःचं. भागामाय शेवटच्या दिवशी उंबऱ्यापर्यंत आली. बाईंनी पेनाचं टोपण काढून तिच्या हातात दिलं. भागामायनं पेन जरा वेळ धरलं. मग म्हणाली, "आप्पा खोटं कसाले सांगी व माय? कानबाईले नारळ तोज देस." आणि पेन परत केलं.

मुदत संपली आणि एके सकाळी यंत्रं आली, पोलीस आले. बायकांनी भिंतीवरून फ्रेमा उतरवल्या आणि त्या छातीशी धरून यंत्रापुढे ओळ करून उभ्या राहिल्या. काचेमागे पावत्या आणि काचेवर कुंकवाची बोटं. असं दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. आप्पा कोणत्यातरी लग्नाला बाहेरगावी गेले होते. पुढे आलेला अधिकारी तरुण पोरगा होता. त्यानं भागामायच्या हातातली फ्रेम नीट वाचली, अगदी आदरानं, आणि म्हणाला, "वेरो भर्यो छे, बा, सारी वात छे. आ बाजु पर मूको, काच तूटी जशे."

भागामायनं फ्रेम बाजूला ठेवली. काच फुटली नाही.

दुपारपर्यंत ओळ सपाट झाली. त्यात बाईंच्या दोन खोल्याही गेल्या. विटांच्या ढिगावर भांडी, गाद्या आणि माणसं बसली होती. बाई सगळ्यांना कळशीतून पाणी देत फिरत होत्या. भागामायपुढे त्यांनी पेला धरला तेव्हा तिनं तो उडवून लावला.

"तू कसाले गयी व्हती तठे? तू इचारं म्हनीसन त्यास्ले मालूम पडनं! आमनं आठे कोनी देखत बी नव्हतं!"

बाई खाली वाकून पेला उचलत होत्या. "असं कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं. सवयीनं विचारलं असेल. आवाज अगदी हळू होता.

"बठ्ठाज सांगतस," भागामाय म्हणाली.

पुढचा प्रश्न बाईंनी विचारला नाही. विचारून काय उपयोग होता? मी आजूबाजूला पाहिलं. खरोखरच सगळे माना डोलवत होते. घर गेल्याचं दुःख मला समजतं. पण ज्यानं फसवलं त्याचं नाव एकाच्याही तोंडून निघेना, आणि जिनं दार उघडं ठेवून वाट पाहिली तिच्यावर सगळे तुटून पडले, याची चीड मला आजही येते. त्या लोकांची कीव करावी असं वय आता झालंय, तरी कीव येत नाही.

सह्या केलेल्या तीन घरांना पुढे यथावकाश शहराच्या दुसऱ्या टोकाला, कामरेजच्या रस्त्याकडे, एकेक खोली मिळाली. मग तर पुरावाच सापडला. माहिती दिल्याचं बक्षीस आहे, असं सोसायटीत ठरलं. शाळेत पालक येऊन सांगू लागले, आमचं पोरगं त्या बाईंच्या वर्गात नको. मुख्याध्यापकांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, पण त्यांनाही रोजची कटकट नको होती. बाईंनी स्वतःच बदली मागून घेतली. निरोप समारंभ झाला नाही. फळा पुसून, खडूचे तुकडे डबीत भरून त्या गेल्या. आप्पा पुढच्या निवडणुकीला उभे राहिले, आणि मोडलेल्या ओळीतल्या माणसांनीच त्यांच्या प्रचाराचे झेंडे धरले.

त्यानंतर बाई मला एकदाच दिसल्या.

मार्च महिना होता, वेऱ्याच्या खिडकीवर गर्दी. माझ्या घरमालकाला चालवत नसे, म्हणून त्याचा वेरा भरायला मी रांगेत उभा होतो. पलीकडच्या रांगेत बाई दिसल्या, तीच पिशवी, केस मात्र पांढरे झालेले. पाडलेल्या घराचं खातं बंद करायचा अर्ज घेऊन त्या आल्या होत्या. मी हाक मारणार इतक्यात त्यांच्यापुढे उभी असलेली म्हातारी वळली. ती भागामाय होती. आता ती पलसाण्याला दिलीपजवळ भाड्याच्या खोलीत राहायची. एकटी बसनं आली होती. तिनं बाईंना ओळखलं. मला वाटलं, आता तोंड फिरवील. पण ती बाईंच्या जवळ सरकली.

"आप्पा सांगस, पडेल घरना वेरा बी भरत ऱ्हा. ज्यानं खातं चालू, त्याले बदलामा जागा भेटी." मग तिनं विचारलं, "खरं शे का व माय?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "विचारून येते," म्हणाल्या. एवढी रांग सोडून त्या आत गेल्या. मी त्यांना टेबलापाशी वाकून बोलताना बघत होतो. वास्तविक त्यांना उत्तर माहीत होतं. तरी त्या विचारायला गेल्या. परत आल्या.

"खरं नाही, भागामाय. ते म्हणतात, घर नाही तर भरू नका, खातं बंद करा. मी तुमचाही अर्ज लिहून देते. आत्ता, इथेच."

भागामायनं त्यांच्याकडे पाहिलं. "तू तवय बी असंज सांगे."

"हो. तेव्हाही असंच सांगितलं होतं."

भागामायचा नंबर आला. तिनं पदराची गाठ सोडली. खिडकीवरच्या माणसानं तिला समजावलं, बाईंकडे बोट दाखवलं, पुन्हा समजावलं. ती पैसे आत ढकलत राहिली. शेवटी त्यानं खांदे उडवले आणि पावती दिली. भागामायनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि बाईंपुढे धरली.

"वाची दे. मन्हं नाव बराबर शे ना?"

बाईंनी पावती उजेडाकडे धरली आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळी वाचली, वर्गात पोरांच्या वह्या तपासायच्या तशी.

"नाव बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "घर नंबरही बरोबर आहे."

"मंग झायं तं," भागामाय म्हणाली. पावतीची घडी न करता तिनं ती पोटाशी धरली. "आठे फ्रेमवालानं दुकान कोठे शे?"

बाईंनी स्वतःचा अर्ज पिशवीत परत टाकला आणि रांगेतून बाहेर पडल्या. दुकान रस्त्यापलीकडे होतं. रहदारी फार होती. बाईंनी भागामायचा हात धरला आणि तिला रस्ता ओलांडून दुकानाच्या पायरीपर्यंत नेलं.